गोल आणि चौकोन एकमेकांवर काढले की तिला 'तीन' दिसतात. असं का होतं?

डोंगरवाट

नमस्कार. जव्हार तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी १४ वर्षं शिकवते आहे. पहिली-दुसरी माझ्याकडे असते. प्रश्न जरा लांबडा आहे, पण नीट सांगितला नाही तर उपयोग नाही.

दुसरीत एक आठ वर्षांची मुलगी आहे. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-अंधार कळायचा, समोरून कोणी गेलं तर काहीतरी हललं एवढं कळायचं. मोठ्या बहिणीचा हात धरून ती वर्गात येऊन बसायची आणि नुसतं ऐकून ऐकून तिचे पंधरापर्यंतचे पाढे पाठ झाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं, तेव्हा डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि पुढची सगळी चक्रं फिरली. दिवाळीआधी एक डोळा, दिवाळीनंतर दुसरा. भिंगं बसवली, चष्मा आला. कागदावर नजर ६/३६ लिहिली आहे, म्हणजे चांगल्या नजरेला ३६ मीटरवरून दिसतं ते हिला ६ मीटरवरून दिसतं. जानेवारीपासून ती पहिल्या बाकावर बसते.

सुटी आकृती तिला ओळखता येते. गोल म्हणजे 'भाकर', चौकोन म्हणजे 'पाट', हे दोन-तीन आठवड्यांत जमलं. चौकोन तर सगळ्यांत आधी जमला. बाजू वेड्यावाकड्या असलेला चौकोन मात्र अजून अडतो, दर वेळी नवीनच पाहिल्यासारखं करते.

गेल्या महिन्यात मी फळ्यावर खडूने एक गोल काढला आणि त्याच्यावर अर्धा चढलेला चौकोन. वर्गाला विचारलं, किती आकृत्या? सगळे ओरडले, दोन. ती म्हणाली, तीन. मला वाटलं, मोजताना चुकली. तिला फळ्याजवळ बोलावलं. तिने बोट ठेवून दाखवलं: गोलाचा उरलेला तुकडा एक, मधला तुकडा दोन, चौकोनाचा उरलेला तुकडा तीन. एकही रेघ चुकली नाही. मी तिथेच थांबले, कारण तिचं मोजणं माझ्यापेक्षा काटेकोर होतं.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. व्हरांड्यात पाण्याचा माठ आहे. दुपारी त्याच्यावर निम्मं ऊन असतं. ती उन्हाच्या कडेवरून बोट फिरवते, जणू तिथे माठ संपतो आणि दुसरं काही सुरू होतं. शाळेच्या भिंतीवर गेरूवर पांढऱ्या रंगात वारली चित्रं आहेत, आमच्याच गावातल्या बायकांनी काढलेली. वारलीतला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर डोकं. हिच्या घरातही लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं वारली चित्र, लिहिला जातो. पण भिंतीपाशी उभी केली की म्हणते, 'तिकोन, तिकोन, टिकली.' माणूस म्हणत नाही. आणि हीच मुलगी मैदानाच्या पार टोकाला धावणारी मैत्रीण बरोबर ओळखते!

डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, हळूहळू येईल. डोळे चांगले आहेत तर मग अडतंय कुठे? साधा गोल आणि साधा चौकोन पाहताना मेंदूत असं काय घडतं, की माझ्या बाकीच्या २३ मुलांना ते आपोआप येतं आणि हिला नाही? आणि मी वर्गात काय करू? रोज सराव घेतला तर तिला त्रास तर होणार नाही ना?

भिंग-चष्मा

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, मिरजेकडे. शिबिरांमधून अशी मुलं पाहिली आहेत म्हणून लिहितो.

आधी चष्म्याचं. डोळ्यात बसवलेलं भिंग आपल्या नैसर्गिक भिंगासारखं जाडं-पातळ होत नाही. त्यामुळे लांबचं आणि जवळचं यांना वेगवेगळा नंबर लागतो. तिच्या चष्म्याच्या काचेत खालच्या बाजूला वेगळा भाग दिसतो का बघा. दिसत नसेल तर पुढच्या तपासणीत बायफोकलचं नक्की विचारा. पाटीवरचं अडखळणं कधी कधी एवढ्यानेच कमी होतं. आणि फळ्यावर रेघ जाड काढा, खडू आडवा धरून.

आता तुमचा मूळ प्रश्न. ती चुकलेली नाहीच. फळ्यावर बंदिस्त तुकडे तीनच आहेत. डोळ्याकडून मेंदूला जातं ते एवढंच: इथे उजेड, इथे काळोख, इथे कड. 'हा गोल पूर्ण आहे, चौकोनाखाली तो पुढे चालूच आहे' हे फळ्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. ते आपण घालतो.

तुम्ही लिहिलं तसंच्या तसं दिल्लीतही नोंदवलं गेलं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवणारे पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. जन्मांध मुलांवर उपचार करायचे आणि त्यांची नजर कशी घडत जाते याचा अभ्यासही करायचा, असं ते काम आहे. त्यांच्या गटाने २००९ मध्ये तीन जणांबद्दल लिहिलं. त्यात एक माणूस २९ वर्षांचा होता. त्याच्या डोळ्यांत जन्मापासून भिंगच नव्हतं, आणि नंबरचा चष्मा मिळाला तोच त्या वयात. बाकीची दोन मुलं होती. सुटी आकृती तिघांनाही ओळखता यायची. एकमेकींवर चढलेल्या आकृत्या दाखवल्या की ते तुकडे मोजायचे. फोटो दाखवला तर रंग आणि उजेड बदलेल तिथे वेगळी वस्तू धरायचे. तुमच्या माठासारखंच.

मग त्यातली एक आकृती हलवली, आणि तिघांची उत्तरं बरोबर यायला लागली.

म्हणून मैदानावरची मैत्रीण ओळखू येते. ती धावते आहे. भिंतीवरचा माणूस धावत नाही.

सरावाने त्रास होणार नाही. फक्त फळा सोडा आणि हलणाऱ्या वस्तू घ्या. पुठ्ठ्याचे आकार, शक्यतो रंगीत जिलेटीनचे, म्हणजे एकावर एक आले तरी दोन्ही दिसतील. रोज दहा मिनिटं पुरेत. डोळे लाल झाले किंवा डोकं दुखतं म्हणाली तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. बाकी मेंदूची पाटी अशा मुलांच्या बाबतीत कोरीच असते, तुम्ही जे लिहाल ते तिथे उमटेल.

अर्धवर्तुळ

डोंगरवाट, तुमचं निरीक्षण वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मी दृष्टी आणि मेंदू याच विषयात संशोधन करतो. वर आलेलं उत्तर बरोबर आहे, शेवटचं वाक्य सोडून. त्याच्याकडे नंतर येतो.

१९५८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे संदेश ऐकत होते. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका लावून तो पडद्यावर दाखवायचा आणि पेशी काय म्हणते ते पाहायचं. पेशी ठिपक्याला दाद देईना. पण पट्टी यंत्रात सरकवताना ती एकदम तडतडायला लागली. बऱ्याच खटपटीनंतर लक्षात आलं की पेशीला ठिपक्याशी देणंघेणंच नव्हतं. काचेच्या कडेची जी फिकट सावली पडद्यावरून सरकत होती, त्या रेघेला ती बोलत होती, तेही रेघ ठरावीक कोनात असेल तरच. शेजारची पेशी दुसऱ्या कोनाची. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं. मला त्यातलं सगळ्यांत मोलाचं हे वाटतं की ती कड सरकत होती.

म्हणजे दृष्टीच्या पहिल्या थांब्यावर, डोक्याच्या अगदी मागच्या भागात, चौकोन नावाचं काही नसतं. आडव्या कडा सांगणाऱ्या पेशी असतात, उभ्या सांगणाऱ्या असतात, तिरप्यांच्या असतात. तुमच्या विद्यार्थिनीचं हे काम ठीक चाललेलं दिसतं, नाहीतर तिने तीन तुकडे इतके अचूक दाखवलेच नसते.

अडतं ते पुढच्या पायरीवर. शेतातला बांध डोळ्यांसमोर आणा. बांध एकच, पण तो कोणाचा? अलीकडच्या शेताचा की पलीकडच्या? कडेचंही तसंच आहे. गोलाची रेघ गोलाच्या मालकीची, की तिच्या पलीकडे जे आहे त्याच्या? २००० साली, त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, रुडिगर फॉन डेर हाइट यांच्या गटाने माकडांच्या मेंदूत नेमकं हेच ठरवणाऱ्या पेशी दाखवल्या. पेशीसमोरची कड तीच, उजेड तोच, फरक एवढाच की एकदा चौकोन कडेच्या डावीकडे आहे आणि एकदा उजवीकडे. एका बाजूला असला की पेशी जोरात बोलते, दुसऱ्या बाजूला असला की मंद. व्ही-टू नावाच्या दुसऱ्या थांब्यावर कडेचा कोन ओळखणाऱ्या निम्म्याहून जास्त पेशी अशा निघाल्या. आणि हा निवाडा होतो तो डोळ्याची पापणी लवायच्या आत.

तुमची २३ मुलं 'दोन' म्हणाली, कारण त्यांच्या डोक्यात बांधाचे निवाडे झालेले आहेत. मधल्या तुकड्याच्या कडा कोणाच्या ते ठरलं, की तो तुकडा वेगळा उरतच नाही. हिच्या डोक्यात प्रत्येक कड अजून दोन्ही बाजूंची आहे, असं मी समजतो. एकेका मुलीच्या पेशी कोणी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे हा माझा अंदाज.

हालचाल इथे पंचाचं काम करते. माक्स वेर्थहाइमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच मांडलं होतं की जे एकत्र हलतं ते आपल्याला एक दिसतं. गोल सरकला की त्याच्या सगळ्या कडा एका वेगाने, एका दिशेने निघतात, चौकोनाच्या कडा जागेवर राहतात. वाद मिटला. मेंदूत हालचालीसाठी खास विभाग आहे आणि दृष्टीच्या पहिल्या थांब्यापासून त्याच्याकडे थेट वाट जाते.

चौरस आधी जमला आणि वाकडा चौकोन अडतो, हे सगळ्या माणसांचंच आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात सहा चौकोनांमधून वेगळा ओळखायचा होता. समान बाजू, काटकोन, समांतर रेघा असल्या की काम सोपं, आकार जितका वाकडातिकडा तितक्या चुका जास्त. फ्रान्समधली मोठी माणसं, तिथली बालवाडीतली मुलं आणि नामिबियातले हिंबा लोक, सगळ्यांचं असंच. त्याच कामावर तयार केलेल्या बबून माकडांना चौरस आणि वेडावाकडा चौकोन यांत असा फरक पडला नाही. तुमच्या मुलीने आठ वर्षं चौरस पाहिला नव्हता, पण पाट हाताने चाचपलेला होता.

आता कोऱ्या पाटीबद्दल. दोन बाणांचं चित्र माहीत असेल: दोन सारख्या रेघा, एकीची टोकं आत वळलेली, दुसरीची बाहेर, आणि आपल्याला एक लांब वाटते. प्रोजेक्ट प्रकाशमध्ये ८ ते १६ वर्षांच्या नऊ मुलांना ऑपरेशननंतर ४८ तासांच्या आत हे चित्र दाखवलं, आणि त्यांनाही फसवी रेघ लांबच दिसली. २०१५ चं हे काम आहे. पाटी पूर्ण कोरी असती तर ती फसली नसती. काही गोष्टी मेंदू न पाहताच घेऊन येतो, काही त्याला पाहून मिळवाव्या लागतात. बांधाचा निवाडा बहुधा दुसऱ्या गटातला.

भिंग-चष्मा

मान्य. पाटी कोरी असते हे मी घाईत लिहिलं. बाणांचा प्रयोग मला माहीत नव्हता, आमच्याकडच्या मुलांना दाखवून पाहीन.

आजीचा_चष्मा

माझ्या नातवाचं तिसऱ्या वर्षी झालं ऑपरेशन, म्हणून विचारते. आम्हाला सगळे म्हणायचे, लवकर करा, नंतर उपयोग नाही. मग आठव्या वर्षी झालेल्या या पोरीचं कितपत सुधारेल? बाईंना खोटी आशा लागू नये म्हणून विचारते, दुसरा हेतू नाही.

भिंग-चष्मा

आजी, तुम्ही लवकर केलंत ते उत्तमच केलंत. ह्यूबेल आणि वीझल यांनीच १९६३ मध्ये दाखवलं की मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, तर नंतर उघडूनही मेंदू त्या डोळ्याचं ऐकत नाही. त्यावरून 'वय गेलं की संपलं' असा समज पक्का झाला. बारीक अक्षर वाचण्याएवढी तीक्ष्ण नजर उशिरा केलेल्यांना सहसा येत नाही, हे खरं आहे. पण आकार जुळवणं वेगळं आहे. २००९ च्या त्या अहवालातल्या तिघांना वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तपासलं, तेव्हा स्थिर चित्रंही त्यांना बरीच सुटी करता येत होती. त्यातला एक तर २९ वर्षांचा होता. त्यामुळे आठव्या वर्षी आशा धरण्यात खोटं काही नाही.

डोंगरवाट

तीन आठवडे लिहायला जमलं नाही, परीक्षा होत्या. पण जिलेटीनचं काम दुसऱ्याच दिवशी सुरू केलं होतं. वही काढून लिहिते आहे.

लाल गोल आणि निळा चौकोन कापले, पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवले. स्थिर असताना विचारलं तर म्हणाली तीन: 'लाल, निळा, जांभळा.' साहजिक आहे, मध्ये जांभळा दिसतोच. मग मी काही न बोलता गोल हळूच सरकवायला लागले. तिने श्वास रोखला. चारेक सेकंद गेले असतील. 'बाई, दोनच! भाकर पाटावरून चालली!' मी हात थांबवला. थोडा वेळ ती 'दोन'च म्हणत राहिली, मग चेहरा पडला आणि म्हणाली, 'परत तीन झाले. हलवा ना.'

हे 'हलवा ना' आता वर्गात रोज ऐकू येतं. पुस्तकातलं चित्र दाखवलं तरी 'हलवा ना'. पुस्तक हलवून उपयोग नाही, सगळंच एकत्र हलतं. पण तिने स्वतःच एक वाट काढली. माठापुढे ती आता डावीकडे-उजवीकडे डुलते. आपण डुललो की माठ त्याच्या मागच्या भिंतीवरून सरकतो, आणि उन्हाची कड मात्र माठाला चिकटूनच राहते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आधी मी तिला 'नीट उभी राहा' म्हणाले होते. आता म्हणत नाही.

दुसऱ्या आठवड्यात सरकवायचं अंतर कमी कमी केलं. शुक्रवारी एकदा न हलवता 'दोन' म्हणाली. सोमवारी पुन्हा तीन. वहीत बरोबर-चूक लिहीत नाही, ती काय म्हणाली तेच लिहिते.

वारलीचा माणूस मी पुठ्ठ्याचा केला. दोन त्रिकोण, कमरेला जिथे टोकं जुळतात तिथे दोऱ्याची गाठ, वर डोकं, काड्यांचे हातपाय. बाकावर ठेवला तर 'तिकोन, तिकोन'. वरचा त्रिकोण कमरेतून लववला, जसा तारप्याच्या नाचात माणूस लवतो तसा, तर तिने तो माझ्या हातातून काढूनच घेतला. अर्धा तास तिने त्याला नाचवलं. तिचे आजोबा तारपा वाजवतात, त्यामुळे सूर तोंडाने तिचा तीच धरत होती. मग तो बाकावर आडवा ठेवला आणि बोट लावून म्हणाली, 'निजला.' तो तेव्हा हलत नव्हता.

बायफोकलचं विचारलं. तिच्या काचेत तसा भाग नव्हता, नवीन नंबर लिहून दिला आहे, चष्मा १० दिवसांत येईल. त्यासाठी वेगळे आभार.

भिंतीवरची माणसं अजून तिकोनच आहेत. ती भिंत ज्यांनी लिहिली त्यातल्या एका मावशींशी बोलले. मे महिन्यात त्या तांदळाचं पीठ भिजवून, बांबूच्या काडीने, एका मोकळ्या पट्टीवर तिचा हात धरून माणसं काढून घेणार आहेत. हाताने काढलेलं डोळ्याला लवकर सापडतं का, याबद्दल कोणाला ठाऊक असेल तर लिहा.

अर्धवर्तुळ

तुमचा शेवटचा प्रश्न ३०० वर्षांहून जुना आहे. विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने १६८८ मध्ये जॉन लॉक या तत्त्वज्ञाला पत्र लिहून विचारलं होतं: जन्मांध माणसाला हाताने घन आणि गोळा ओळखता येतात, त्याला दृष्टी आली तर नुसतं पाहून कोणता कोणता ते सांगता येईल का? मॉलिन्यूची पत्नी अंध होती.

प्रोजेक्ट प्रकाशने ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवर हे पाहिलं, २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. ठोकळा हाताने चाचपायचा आणि मग डोळ्यांनी दोनांतून निवडायचा. ऑपरेशननंतर लगेच उत्तरं जवळजवळ अंदाजपंचे होती. काही दिवसांतच, कोणी शिकवलेलं नसताना, ती खूप सुधारली. म्हणजे हात आणि डोळा यांची ओळख आधी नसते, पण एकदा दोघं एकाच वस्तूवर भेटायला लागले की ती फार पटकन होते. मावशींना मे महिन्यापर्यंत थांबवू नका. पाटी आणि ओला खडू आजही चालेल.

डोंगरवाट

उद्या शनिवार, सकाळची शाळा. मावशींना निरोप धाडला आहे.